उपांत्य फेरीच्या आधी

आत्या : चपला उलट्या घातल्यास.

भाची : हो का? असू दे गं. आत्या, केळं आहे का? भूक लागलीये.

आत्या : हातात आहे तुझ्या.

भाची : अगंबाई! हो की.

आत्या : बस त्या टेबलावर. दार लावते मी. हं. आता माझ्याकडे बघ, मुंगळ्या. मघाशी जिंकल्यावर मॅटवरून कुठल्या बाजूनं उतरलीस?

भाची : आपल्याच. तू बसली होतीस तिथून.

आत्या : त्या पोरीच्या बाजूनं उतरलीस. तिच्या कोचसमोर जाऊन वाकलीस. तो बिचारा आधीच हरलेला, गोंधळून तोही वाकला. माझ्या शेजारची बाई म्हणाली, काय वळण आहे हो तुमच्या मुलीला!

भाची : मग चांगलंच की! जिंकल्यावर कुणाला भान असतं?

आत्या : कशी जिंकलीस?

भाची : म्हणजे?

आत्या : डाव कुठला टाकलास?

भाची : खांद्यावरून घेतली आणि आपटली.

आत्या : ती सकाळची दुसरी लढत. मी त्यानंतरची विचारतेय. लांब हातांची, केस बारीक कापलेली.

भाची : तिला ना... मी आधी पकड घेतली, आणि... काय परीक्षा घेतेयस तू? चार वाजता परत मॅटवर जायचंय ना? जरा आडवी होऊ दे की.

आत्या : आठवत नाहीये तुला.

भाची : आठवतंय! जरा अंधुक आहे, एवढंच.

आत्या : किती अंधुक?

भाची : नाव पुकारलं ते आठवतंय. तिनं माझी कॉलर धरली ते आठवतंय. मग एकदम तू माझ्या तोंडावर पाणी मारत होतीस.

आत्या : मधली सहा मिनिटं गेली कुठं?

भाची : सहा? जादा वेळेत गेली होती लढत?

आत्या : तिसऱ्या मिनिटाला तिनं तुला उचलून मागं टाकलं. हवेतच अंग वळवलंस म्हणून गुण गेला नाही. पण डोकं आपटलं. कानाच्या वर, इथं.

भाची : आई गं! हात नको लावूस!

आत्या : आवाज माझ्या खुर्चीपर्यंत आला. पण तू लगेच उठलीस, ड्रेस नीट केलास, पट्टा आवळलास. मला वाटलं, वाचलो.

भाची : डॉक्टरांनी पाहिलं?

आत्या : तेव्हा ते पलीकडच्या मॅटवर कुणाच्या तरी नाकात कापूस कोंबत होते. पण चित्रण बघतीलच. तो माणूस जेवतानासुद्धा चित्रण बघतो.

भाची : आणि मग?

आत्या : मग इथं येतील.

भाची : तू सांगणार नाहीस ना?

आत्या : डोकं दुखतंय?

भाची : आधी सांग, सांगणार नाहीस ना?

आत्या : मी विचारलं, डोकं दुखतंय?

भाची : थोडं. त्या वरच्या ट्यूबकडे बघवत नाहीये.

आत्या : मळमळ?

भाची : मघाशी तू बर्फ आणायला गेलीस ना, तेव्हा त्या बेसिनमध्ये... एकदाच. पाणी सोडलं मी नंतर.

आत्या : देवा.

भाची : आत्या, आज शेवटचा दिवस आहे. आज रात्री क्रमवारीची यादी बंद होते. ऑलिम्पिकला पहिल्या सतरा जणी जाणार आणि मी अठरावी आहे. अठरावी! एक पदक मिळालं की मी आत. उपांत्य जिंकले तर रौप्य तरी नक्की. हरले तरी कांस्याची लढत आहे.

आत्या : मला शिकवतेस? ती यादी उशाखाली घेऊन झोपते मी.

भाची : मग?

आत्या : मग काय मग!

भाची : आठ वर्षांची होते मी तुझ्याकडे ज्युदो शिकायला आले तेव्हा. पंधरा वर्षं झाली. पंधरा वर्षांत एकदा तरी म्हणाले का, आज नको, आज दुखतंय? करंगळी मोडली तेव्हा टेप लावून खेळले. आजीचे दिवस चालू होते तेव्हा खेळले. तूच म्हणायचीस, मुंगळा आहे पोरगी, तुटेल पण सोडणार नाही.

आत्या : म्हणायचे.

भाची : अजून दोनच लढती.

आत्या : गप्प बस जरा. मला विचार करू दे.

भाची : करू नकोस ना विचार!

आत्या : ...दोन लढती. आठ मिनिटं. फार तर दहा.

भाची : हो!

आत्या : उपांत्यला समोर आहे ती डावखुरी आहे, लांबून खेळते. तुला उचलून टाकणारी नाही. पाय झाडत बसते नुसती.

भाची : हो ना!

आत्या : पण नंतर दोन महिने अंथरूण. मी सांगीन तेव्हाच उठायचं.

भाची : चार महिने झोपते. तू म्हणशील तितके.

आत्या : बरं, ऐक. नीट ऐक. डॉक्टर ठरलेले प्रश्न विचारतात. मी ते शिबिरात ऐकलेत. आज कुठल्या मॅटवर खेळलीस? दोन नंबर. म्हण.

भाची : दोन नंबर.

आत्या : किती लढती झाल्या? तीन. शेवटची कशी जिंकलीस? जादा वेळेत. डावा पाय तिच्या पायामागं अडकवला आणि पाठीवर पाडली. पूर्ण गुण.

भाची : डावा पाय पायामागं अडकवला. पाठीवर. पूर्ण गुण. खरंच अशी पाडली मी तिला?

आत्या : स्वच्छ. आता महिने उलटे म्हण. डिसेंबरपासून.

भाची : डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, सप्टेंबर... जुलै...

आत्या : ऑगस्ट.

भाची : ऑगस्ट, जुलै, जून, मे... मार्च...

आत्या : परत.

भाची : डिसेंबर, नोव्हेंबर—

आत्या : थांबू नकोस. घाई पण नको. बोलताना माझ्याकडे बघायचं नाही, त्यांच्याकडे बघायचं. किती लढती?

भाची : दोन.

आत्या : तीन! तीन, मुंगळ्या, तीन.

भाची : तीन. तीन. तीन. ओरडू नकोस, डोक्यात वाजतंय.

आत्या : पावलं वाजतायत. ते केळं ठेव खाली. ताठ बस.

डॉक्टर : येऊ का आत? उठू नकोस, बस. अभिनंदन बरं का! मॅडम, तुमचंही. मी आत्ता चित्रण पाहिलं. तिसऱ्या मिनिटाचा तो झटका मला काही बरा वाटला नाही.

आत्या : खांद्यावर पडली ती.

डॉक्टर : असेल. कॅमेऱ्याचा कोन वाईट होता. तरी दोन मिनिटं घेतो तुमची. कसं वाटतंय तुला?

भाची : मस्त. भूक लागलीये.

डॉक्टर : चांगलं लक्षण. आज कुठल्या मॅटवर खेळलीस?

भाची : दोन नंबर.

डॉक्टर : किती लढती झाल्या?

भाची : तीन.

डॉक्टर : शेवटची कशी जिंकलीस?

भाची : जादा वेळेत. डावा पाय तिच्या पायामागं अडकवला आणि पाठीवर पाडली. पूर्ण गुण.

डॉक्टर : वा. माझ्यापेक्षा स्पष्ट आठवतंय तुला. महिने उलटे सांगशील?

भाची : डिसेंबर, नोव्हेंबर, ऑक्टोबर, सप्टेंबर, ऑगस्ट, जुलै, जून, मे, एप्रिल, मार्च, फेब्रुवारी, जानेवारी.

डॉक्टर : उत्तम. आता मी पाच शब्द सांगतो, तसेच परत म्हण. साबण, खुर्ची, लिंबू, गालिचा, बोट.

भाची : साबण, खुर्ची, लिंबू... बोट. आणि गालिचा.

डॉक्टर : छान. खरं तर हेच शब्द मी काही मिनिटांनी परत विचारायला हवेत. पण पलीकडे एकाचा खांदा निखळलाय, तो आरडाओरडा करतोय. डोकेदुखी? मळमळ? उजेडाचा त्रास?

भाची : नाही. काहीच नाही.

डॉक्टर : मॅडम, तुम्ही हिला रोज बघता. मी वर्षातून चारदा. तुम्हाला हिच्यात काही वेगळं जाणवलं का?

आत्या : वेगळं म्हणजे?

डॉक्टर : काहीही. चालणं, बोलणं, विसरणं.

आत्या : विसरभोळी ती जन्माचीच आहे. मागं एकदा विमानतळावर बॅग सोडून मलाच घेऊन चालू लागली होती.

डॉक्टर : हा हा! म्हणजे काही नाही?

आत्या : ...नाही. काही नाही.

डॉक्टर : ठीक. मग मी खेळायला हरकत नाही म्हणून सही करून टाकतो. कागद बाहेरच्या टेबलावर आहेत. चारला भेटू. पाणी पी भरपूर.

भाची : थँक्यू, डॉक्टर!

आत्या : दार ओढून घ्या हं.

भाची : जमलं! आत्या, जमलं ना? एकही चुकलं नाही. तू अशी का उभी आहेस? ये ना, बस. आता सांग, क्वार्टर फायनलला कोण आलंय?

आत्या : काय म्हणालीस?

भाची : क्वार्टरला गं. ती लांब हातांची आली असेल ना, तर आतूनच पकड घ्यावी लागेल. तिला कॉलर द्यायचीच नाही.

आत्या : तिला तू हरवलंस.

भाची : कधी?

आत्या : डॉक्टर! अहो डॉक्टर! थांबा! सही करू नका!

(बाहेर लांब गेलेली पावलं थांबतात आणि घाईनं परत येतात.)

डॉक्टर : काय झालं? चक्कर आली का?

आत्या : तिला काही आठवत नाहीये. लढत नाही, डाव नाही. ओकलीये एकदा. उजेड सहन होत नाही. तुम्ही ऐकलीत ती उत्तरं मी शिकवली होती. घोकून घेतली.

भाची : आत्या!

डॉक्टर : मी तुम्हाला थेट विचारलं होतं, मॅडम.

आत्या : हो. आणि मी तुमच्या तोंडावर खोटं बोलले.

डॉक्टर : याच डोक्यावर आज दुसरा मार बसला असता तर काय झालं असतं, ठाऊक आहे ना? की सांगू?

आत्या : ठाऊक आहे. तिच्यासमोर नका सांगू.

भाची : डॉक्टर, तिचं ऐकू नका. तिला दडपण आलंय. मी ठणठणीत आहे. विचारा, काहीही विचारा!

डॉक्टर : मघाचे पाच शब्द सांग.

भाची : साबण. साबण, आणि... दोन नंबर. तीन लढती...

डॉक्टर : बरं. पुरे. बस खाली. मी हिची माघार कळवतो. रुग्णवाहिका मागच्या दाराला बोलावतो, आधी स्कॅन. कुठल्याही कारणानं एकटी सोडू नका हिला. मी इथंच दाराबाहेर फोनवर आहे.

आत्या : कागदावर खरं लिहा. कोचनं लपवलं, असंही लिहा.

डॉक्टर : चौकशी लागेल. तुमचा परवाना जाऊ शकतो.

आत्या : लिहा तुम्ही.

भाची : म्हणजे संपलं? आत्या, संपलं? चार वर्षं थांबायचं आता? चार वर्षांनी सत्तावीस होईन मी!

आत्या : होशील.

भाची : तूच शिकवलंस ना? महिने तूच घोकून घेतलेस. ताठ बस म्हणालीस. आणि आता तूच पळत जाऊन सांगितलंस?

आत्या : हो.

भाची : का पण?

आत्या : नाही जमलं मला पुढं.

भाची : तुला नाही ना मिळालं कधी! घरात ते एकच पाचव्या नंबरचं सर्टिफिकेट लावून बसलीयेस. म्हणून मलाही मिळू नये. मी तिथं उभी राहिलेली बघवलं नसतं तुला!

आत्या : बोल.

भाची : बाबा म्हणायचेच, तिच्या नादी लागू नकोस. आयुष्य गेलं माझं तुझ्या नादी. तोंड बघायचं नाहीये मला तुझं परत. कधीच.

आत्या : बोल. फक्त उठू नकोस.

भाची : हात सोड!

आत्या : सोडते. पण बसून रहा. रडलीस तरी चालेल. हा टॉवेल घे, तोंड झाक, उजेड लागणार नाही.

डॉक्टर : मॅडम, रुग्णवाहिका निघालीये. पाच मिनिटं. नाडी बघू दे एकदा. हं. शांत होतेय. ड्रेसवरून काहीतरी गरम घाला हिला.

आत्या : हात घाल बाहीत. दुसरा. शाब्बास.

भाची : आत्या.

आत्या : काय गं?

भाची : चार वाजले का?

आत्या : नाही अजून.

भाची : मग हे जाकीट कशाला? वॉर्मअप करायचाय ना?

आत्या : मुंगळ्या, तू आज खेळणार नाहीयेस.

भाची : का?

आत्या : डोक्याला लागलंय तुझ्या. आपण दवाखान्यात चाललोय. माघार घेतलीये.

भाची : कुणी?

आत्या : मी.

भाची : तू?

आत्या : हो, मी. डॉक्टरांना मीच सांगितलं.

भाची : ...म्हणजे मी अठरावीच.

आत्या : अठरावीच.

भाची : मघाशी पण सांगितलंस का हे मला? असं वाटतंय, सांगितलंस.

आत्या : सांगितलं.

भाची : मग मी काय म्हणाले?

आत्या : काही नाही म्हणालीस. चल. हात धर माझा, बाहेर तीन पायऱ्या आहेत.