कावळ्याने दिलेलं तिकीट

...आणि वर घरी गेलो की बायको मलाच विचारते, "इतकी वर्षं आमदाराचे पीए आहात, तुम्हाला साधा एक कावळा हाकलता आला नाही?" आता तुम्हीच सांगा मंडळी, कावळा हाकलायचा कुठे? दशक्रियेच्या घाटावर! जिथे अख्खं गाव हात जोडून त्याच कावळ्याला 'ये बाबा, ये' म्हणून विनवतंय, तिथे मी, कर्वेनगरचा श्याम, शर्ट इन केलेला, दोन्ही हातांत मोबाइल, पुढे होऊन 'हुश्श हुश्श' करू? लोकांनी तिथल्या तिथे माझाही दहावा उरकून घेतला असता! पण हे सुनीतीला कोण सांगणार? कावळा येतो, चोच मारतो, उडून जातो. कावळ्याचं काय जातंय!

तुम्हाला सांगतो, आमचे साहेब म्हणजे आमदार भीमराव. सगळे त्यांना आबा म्हणतात. आमचा मतदारसंघ हडपसरच्या बाजारापासून निघतो आणि मांजरीकडच्या उसात शिरून दिसेनासा होतो, मध्ये वस्त्या आहेत, आयटीवाल्यांच्या उंच उंच सोसायट्या आहेत, म्हशींचे गोठे आहेत, आणि यातल्या कोणाचं कोणाशी पटत नाही, पण चेंबर तुंबलं की सगळे फोन एकाच माणसाला लावतात. आबा! तीनदा निवडून आले ते काय भाषणावर? छे हो! हजेरीवर! लग्न, साखरपुडा, वास्तुशांत, बारसं, मयत, सावडणं, दहावा... एक चुकवत नाहीत. "श्यामराव, शाळंत येवढी हजेरी लावली असती तर मॅट्रिक झालो असतो," हे त्यांचंच वाक्य.

तर कचरूनानांचा दहावा होता. नाना म्हणजे आबांच्या पहिल्या निवडणुकीपासूनचे, सायकलवरून पत्रकं वाटलेले. मांजरीचा नदीकाठ, ही गर्दी! आणि आमच्याकडे दहाव्याला पुढाऱ्यांची भाषणं होतात. हसू नका, होतात! माइक असतो, निवेदक असतो, 'यानंतर श्रद्धांजली अर्पण करतील' असं म्हणून एकेकाला बोलावतात, आणि मेलेला माणूस जिवंतपणी जेवढा बोलला नसेल तेवढं त्याच्याबद्दल बोलतात. ते सगळं झालं. पिंड ठेवला. सगळे मागे सरकले. आणि कावळा...

येईना!

झाडावर बसलेत, चांगले दहा-बारा, पण एक खाली उतरेल तर शपथ. मग तुम्हाला माहीतच आहे, कावळा शिवत नाही म्हणजे मेलेल्याची काहीतरी इच्छा राहिली, ती पुरी करायचा शब्द द्यायचा. थोरला मुलगा म्हणाला, "नाना, बांधाचं भांडण मिटवतो!" नाही. धाकटा म्हणाला, "आईला मी सांभाळतो!" नाही. कोणी पिंडाशेजारी शेव ठेवली, कोणी तंबाखूची पुडी ठेवली, एकाने तर हळूच काहीतरी पांढऱ्या पेल्यातून ठेवलं, मी तिकडे बघितलं नाही. ऊन चढलेलं, लोक उपाशी, आणि आबा माझ्या कानात, "श्यामराव, पुढं दोन लग्नं हायेत, तिकडं अक्षता खोळंबल्यात!" आणि एवढ्यात मागून आवाज आला... "नानांची एकच इच्छा राहिली होती! आबा खासदार झाले पाहिजेत!"

कोण ओरडलं? दिग्विजय! आबांचा पुतण्या! पांढरा शर्ट, काळा गॉगल, दहाव्याला गॉगल! आता नानांची अशी काही इच्छा होती का? अहो, नानांना शेवटची दोन वर्षं खासदार म्हणजे कोण हेही आठवत नव्हतं. पण दिग्विजयचं गणित साधं: आबा खासदार झाले की आमदारकी सोडावी लागणार, जागा रिकामी होणार, आणि रिकाम्या जागेत कोण? काकाच्या फ्लेक्सवर कोपऱ्यात स्वतःचा फोटो छापून छापून कंटाळलेला पुतण्या! झालं, सगळा घाट ओरडायला लागला, "आबा, शब्द द्या! आबा, शब्द द्या!" आबांच्या डोळ्यांपुढे दोन नवरदेव ताटकळत उभे. हात जोडले आणि म्हणाले, "बरं, नाना, राहतो उभा!"

आणि तुम्हाला सांगतो... आला! सरळ खाली आला, चोच मारली, उडाला!

बायका रडायला लागल्या, बाप्ये 'आबा आगे बढो' म्हणायला लागले, दहाव्यात! आणि मी? मी वर बघत होतो. कारण वर इतका वेळ एक ड्रोन घोंघावत होता. दिग्विजयने आणला होता, त्याच्या रीलसाठी. आणि आबांनी शब्द दिला ना, नेमकी तेव्हाच त्याची बॅटरी संपत आली, म्हणून ड्रोनवाल्याने तो खाली उतरवला. आता मला सांगा, डोक्यावर असलं भुणभुणतं धूड असताना कुठला शहाणा कावळा खाली येईल? कावळा बसायला आणि फांदी मोडायला एक गाठ पडली, दुसरं काय! मी गाडीत बसल्या बसल्या आबांना हे सांगितलं. आबा म्हणाले, "आता व्हिडिओ गेला की हो!" गेला होताच. दुसऱ्या लग्नाला पोचेपर्यंत तिथला नवरदेव मोबाइलवर तोच बघत होता. संध्याकाळी बातम्यांत झळकलं, 'कावळ्याने दिलं तिकीट!' आठवड्याभरात पक्षानेही देऊन टाकलं. पक्षाला काय, चेहरा फुकटात घरोघरी पोचला होता. म्हण आहे ना आपल्याकडे, कावळ्याच्या हाती दिला कारभार... पुढचं मी म्हणत नाही, समोर घरंदाज मंडळी बसली आहेत.

पण खरी गंमत पुढे. तिकीट मिळालं त्याच रात्री... रात्री कसली, दिवेलागणीला, आबा ओट्यावर बसले होते, मला म्हणाले, "श्यामराव, मला न्हाई जायचं." मी म्हटलं, "मग नाही म्हणून सांगा." तर म्हणतात, "जित्त्या माणसाला दिलेला शब्द इकडंतिकडं करता येतो, राजकारण हाय. मेलेल्याला दिलेला कसा मोडू?" मी म्हटलं, "आबा, दिल्ली आहे, मान आहे, बंगला आहे." तर माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्यांना कुठे दत्तक देतोय, आणि म्हणाले, "तिथं मला कोण वळखतंय? मी तिथं कुणाच्या दहाव्याला जाऊ?"

हसलात? मी नाही हसलो. डोळ्यांत पाणी होतं हो माणसाच्या! आयुष्यभर ज्याने लोकांची दारं पुजली, त्याला दार नसलेल्या गावात पाठवायला निघालो होतो आम्ही. आणि बाहेर? बाहेर फटाके! दिग्विजय खूश, पक्षातले प्रतिस्पर्धी खूश, कारण आबा वर गेले की इथे त्यांनाही हातपाय पसरायला जागा. सगळं जग आबांची बढती व्हावी म्हणून देव पाण्यात घालून बसलेलं, आणि आबा एकटे आपण पडावं म्हणून! ते मनातल्या मनात, कारण उमेदवाराने असा नवस उघड कसा बोलायचा? आणि माझं काय? मी सुनीतीला शब्द दिला होता, ही निवडणूक झाली की मी निवृत्त, सकाळी कॅनॉलकडेने फिरायला जायचं आणि दुपारी फोन बंद करून झोपायचं. आता आबा म्हणायला लागले, "दिल्लीत तुमी पायजे, श्यामराव." सुनीती म्हणाली, "जा की. स्वेटर विणून ठेवते." तिच्या त्या आवाजाला आमच्या घरात कडाक्याची थंडी म्हणतात. कावळ्याचं काय जातंय!

बरं, आबांना धड वाईट प्रचारही करता येईना! मुंबईहून पक्षाचे एक निरीक्षक आले होते, पांढरे बूट, कपाळाला कायमची आठी. ते म्हणाले, "भीमराव, लोकसभा आहे. चेंबर, गटार, टँकर बंद! राष्ट्रीय प्रश्नांवर बोला, परराष्ट्र धोरणावर बोला." आबा उभे राहिले, घसा खाकरला, "परराष्ट्र धोरणाचं आसं हाय... शेजाऱ्याच्या मोरीचं पाणी आपल्या दारात येऊ द्यायचं न्हाई! आन् आपलं त्याच्या दारात सोडायचं न्हाई! आन् मधी चेंबर कुणाचं, हे आधी ठरवायचं!" टाळ्या! शिट्ट्या! निरीक्षक डोकं धरून बसले आणि लोक म्हणाले, याच्याएवढं सोपं आजवर कोणी सांगितलं नाही. लांबच्या तालुक्यांतून निरोप, 'आबांना लीड!' दर निरोपाला आबांचा एक घास कमी. वाटेत कुठे तुंबलेलं गटार दिसलं की गाडी थांबवायचे, वाकून बघायचे आणि पुन्हा गाडीत येऊन बसायचे, सासरी निघालेल्या मुलीसारखे.

अशात एक दिवस ऑफिसात अख्तरबानू आल्या. कॅनॉलशेजारच्या वस्तीत बांगड्यांचं दुकान, तीन पिढ्यांच्या लग्नांचे चुडे त्यांच्या हातचे, आबांना तोंडावर 'भीमा' म्हणणाऱ्या जगात त्या एकट्याच. आबा प्रचारात होते. मला म्हणाल्या, "श्यामभाऊ, एक सांगा. भीमा दिल्लीला गेला, तर इथे आमदार कोण?"

मी म्हटलं, "बहुतेक दिग्विजय."

"तो काळ्या चष्म्यावाला?"

"तोच."

"नळाला पाणी नाही आलं, तर तो येईल?"

आता मी पीए. मी पंख्याकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "अच्छा." बस. पदर सावरला आणि गेल्या. मला काय माहीत त्या 'अच्छा'मध्ये काय काय आहे!

निकालाचा दिवस. मतमोजणीच्या मंडपाबाहेर आम्ही. आकडे यायला लागले, प्रत्येक विधानसभा मतदारसंघाचे वेगवेगळे. पहिल्यात आबा पुढे. दुसऱ्यात पुढे. तिसऱ्यात पुढे! दिग्विजयने गुलाल उधळला. आबांचा चेहरा पांढराफटक, माझा हात गच्च धरलेला. आणि मग आमचा आला, घरचा... मागे. थोडेथोडके नाही, दणकून मागे! बाकी सगळीकडे जमवलेलं एकट्या घरच्या मतदारसंघाने धुऊन नेलं, आणि संध्याकाळपर्यंत आबा पडले!

मी सुटलो म्हणून श्वास सोडणार, तर आबांकडे बघितलं. अहो, माणूस कोसळला होता! "श्यामराव, पडायचं होतं. पण आसं न्हाई. माझ्याच मानसांनी टाकलं मला? कुणाच्या दारात कमी पडलो मी?" निरीक्षक म्हणाले, "स्वतःच्या घरात पडणारा उमेदवार मी पहिल्यांदाच बघतोय." दिग्विजयच्या केसांत गुलाल, आणि तोंड असं, की त्याला बघून मला त्या दिवसातला पहिला आनंद झाला. आम्ही गाडीत बसलो. ज्या वस्तीत पाण्याची लाइन टाकताना आबा स्वतः खड्ड्यात उतरले होते, तिथून जाताना त्यांनी काच वर केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

आबांच्या घरी पोचलो, तर दारात ही गर्दी! मला वाटलं, दगड मारायला आलेत. मी पुढे झालो, तर पातेलं घेऊन अख्तरबानू! "भीमा, आधी तोंड गोड कर. शीरखुर्मा आहे."

आबा म्हणाले, "चाची, मी पडलो."

"माहीत आहे. आम्हीच पाडलं."

वर आणि म्हणाल्या, "अरे, तुला निवडून देऊन दिल्लीला धाडू आणि इथे त्या चष्म्यावाल्याच्या पाया पडू? आमची आमदारकी आमच्याजवळ राहू दे म्हटलं. सगळ्या वस्तीने ठरवलं. तुला टाकलं नाही रे बाळा, ठेवून घेतलं!" आणि मागून गंधार, सोसायटीचा सेक्रेटरी, आयटीवाला, शॉर्ट्समध्ये, "सर, नथिंग पर्सनल! आमच्या ग्रुपवर पण पोल घेतला होता. तुम्ही गेलात तर टँकरचं फॉलोअप कोण करणार? सो आम्ही टोटली अगेन्स्ट वोट केलं, सर. विथ लव्ह!" ज्या दोघांचं पार्किंगवरून वर्षानुवर्षं भांडण, त्या वस्तीचं आणि सोसायटीचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं, आणि ते आबांना पाडण्यावर!

आबा मटकन ओट्यावर बसले. रडत होते का हसत होते, मला अजून सांगता येणार नाही. शीरखुर्म्याची वाटी हातात, गालांवरून पाणी, आणि म्हणतात कसे, "सुटलो, श्यामराव! नानांना दिलेला शब्दबी पाळला, उभा राह्यलो! निवडून येतो आसं कुठं म्हनलो होतो?" खरंच की हो! कावळ्यालाही एवढं सुचलं नव्हतं. मग वाटी खाली ठेवली आणि पहिलं वाक्य काय? "चाची, पानी येतंय ना नीट?" आमदारकी शाबूत, आबा शाबूत, दिल्ली दिल्लीच्या जागी! माझ्या छातीवरचा धोंडा असा उतरला म्हणून सांगू, मी तिथूनच सुनीतीला फोन केला, "स्वेटर उसव!"

इथे संपायला हवं होतं ना? संपलं असतं. पण परवा बद्रीनाथ मास्तरांचा दहावा होता.

तोच घाट. ड्रोन नाही काही नाही, दिग्विजय तोंड लपवून बसलाय. पिंड ठेवला. कावळा येईना! मुलांनी शब्द दिले, येईना. आणि हळूहळू सगळी गर्दी आबांकडे बघायला लागली. मागे कोणीतरी खाकरलं, "मास्तरांची फार इच्छा होती, आबांनी मंत्री..." आबांनी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. उडी मारून पुढे झाले, माझं मनगट धरलं, हात उंच केला आणि ओरडले, "मास्तर! मी कुठंच जात न्हाई! मी आन् श्यामराव, हातपाय चालत्यात तवर हितंच हाय! शब्द हाय आमचा!"

आला. मेला कुठून आला कोण जाणे, पण आला, चोच मारली आणि माझ्याकडे बघत उडून गेला. लोकांनी डोळे पुसले. आबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. आणि माझी निवृत्ती? दुपारची झोप? कावळ्याचं काय जातंय!

घरी गेलो. सुनीतीने दार उघडलं. हातात मोबाइल, त्यावर माझा तो वर केलेला हात. कावळा हाकलण्यावरून जे बोलायचं ते बोलून झालं, मग आत जाता जाता शांतपणे म्हणाली, "उद्यापासून डब्यात मूठभर भात जास्त घालते. तुमच्या साहेबांच्या साहेबांसाठी."