खानदानाचा रकाना

...मंग काय, बाप आमाले दवाखान्यातच इसरून गेला. तुमाले सांगतो, सोताच्या दोन लेकरायले. आन् इसराच्या दहा मिनिटं आंधी डॉक्टरीनबाईले छाती ठोकून सांगून राह्यलता, "आमच्या खानदानात असं कोनीच नाई."

झालं असं, माह्या लहान बहिनीच्या, वर्षाराणीच्या मॅडमनं सांगतलं, पोरीचं ध्यान टिकत नाई, वाशीमले दाखवा. बाप म्हने, "दाखवाचं कायले? ध्यान नाई तं बसव घरी." मले असंच बसवलं होतं अकरावीतून, आळशी म्हनून. आता तिचा नंबर. म्हनून मी भांडून नेलं. दोन चकरा मीच मारल्या, तिसऱ्या चकरेले डॉक्टरीनबाईनं बापाले बलावलं.

म्हने एडीएचडी. "पोरीचा दोष नाही, संस्कारांचाही नाही. हे बरेचदा घराण्यातून येतं. जनुक एकच नसतं, पुष्कळ असतात, थोडं इकडून, थोडं तिकडून. घरात असं कोणी आहे?" आन् कागदावरच्या रकान्यावर पेन टेकवला.

"आमच्या खानदानात असं कोनीच नाई," बाप म्हने, "तिच्या मायकडचं असन."

मायकडचं? माय तीन-तीन घंटे तूर निवडत बसते, मान वर करत नाई. आन् हा? अर्ध्या जेवनातून मोटर बंद कराले उठते, तं दुसऱ्याच्या वावरात बकरीचा भाव करताना सापडते... मोटर चालूच. रेशीम लावलं, सोडलं. कोंबड्या आनल्या, सोडल्या. आजी सोता बापाचं सांगते, "जगदेवले तं मास्तर खांबाले बांधून ठेवे." आन् लगेच, "पन आमच्या खानदानात असं कोनी नाई बापा."

इतक्यात बापाचा फोन वाजला. बोलत बोलत बाहेर गेला. वीस मिनिटं, पाऊन घंटा... शेवटी मी फोन लावला.

"मी आपल्या मालेगावले पोचलो, गावच्या देवमनची जीप भेटली. तुमी कोठी हा?"

"बाबा, डॉक्टरच्या समोर."

म्हने, "तं बसा तिथंच."

बाईनं रकान्यात लिवलं, वडील. शाळेसाठी चिठ्ठी देल्ली: पोरीला घरी बसवू नका, पुढच्या बाकावर बसवा, पेपरला जास्त वेळ द्या. ते चिठ्ठी मॅडमच्या हातात पडली का बापाचं 'बसव घरी' खतम. बापाची वाट न पाहता घरी निंगालो, आन् रिसोडच्या एसटीत साऱ्या रस्त्यानं मी बापाले मनातून शिव्या देल्ल्या... इसरभोळा, बेफिकीर, हा काय बाप हाय?

रिसोडले उतरलो. वर्षाराणी म्हने, "दादा, चिठ्ठी?"

चिठ्ठी डॉक्टरच्या टेबलावर.

तेवढ्यात बाईचाच फोन. "चिठ्ठी इथंच राहिली. असू दे, तुमच्या मॅडमचा नंबर आहे माझ्याकडे, फोटो पाठवते. पण रकान्यात अजून जागा आहे. तुमचं नाव काय म्हणालात?"

"हरीओम," म्हनलं, "लिवा. बाकी आमच्या खानदानात असं कोनीच नाई."