दोन लुसेरो

फिदेन्सियो : मी काय म्हणतो मास्तर, पत्रकावर मोठ्या अक्षरात ‘लुसेरो’ होतं, खाली नंबर होता. मी लावला. आता खाली बारीक अक्षरात ‘नेग्रो’, म्हणजे काळा, असं आहे, हे चष्म्याशिवाय कसं दिसणार?

मास्तर : चष्मा खिशातच होता ना तुझ्या?

फिदेन्सियो : होता. पण या राज्यात लुसेरो तरी किती असावेत? सान हासिन्तो गावचा आपला नेहमीचा पाहुणा बँड, एक लग्नात गाणारे मारियाची, एक नाचाचे कुम्बियावाले, आणि हे. हे तर काळे कपडे घालून कर्णे फोडणारे रॉकवाले निघाले.

यादिरा : कर्णे नाही फोडत, काका. कान फोडतो. मारियाचीवाल्यांचे फोन आम्हालाच येतात. परवा एका आजीबाईंनी लग्नाच्या पन्नाशीला बोलावलं. गेलो आम्ही. तिसऱ्या गाण्याला आजोबा नाचायला उठले.

मास्तर : पोरी, हे लग्न नाही. चार वाजता संत निघतो, देवळापासून झऱ्यापर्यंत. वाटेत एका बँडनं वाजवायचं, पाहुण्या बँडनं उत्तर द्यायचं. एकट्या बँडवर मूर्ती उंबरा ओलांडत नाही. माझ्या आजोबांच्या वेळेपासून असंच आहे. आणि माझ्या वेळेला ती आत बसून राहणार.

फिदेन्सियो : सान हासिन्तोवाले आमंत्रणाची वाट बघून बघून आज दुसऱ्या जत्रेला गेले. यायचं म्हटलं तरी सहा तास.

मास्तर : तुझ्यावर चिडून तरी काय करू? यांना परत पाठवावं, तर तूच वेशीवर पाव आणि मेस्कलची दारू दिलीस.

फिदेन्सियो : आलेल्याला द्यावंच लागतं. आणि यांनी घेतलं.

यादिरा : भूक लागली होती. पण पाव खाल्ला की पाहुणे होतो, हे मला माहीत होतं, मास्तर. मी याच डोंगरांच्या पलीकडची. अक्षरं नंतर शिकले, आधी स्वरलेखन. आमच्यातला रोमान आधी क्लॅरिनेट वाजवायचा, फ्लोर ट्रम्पेट. उबाल्दो एवढाच शहरातला, पण ढोल कुठलाही बडवेल.

मास्तर : आणि तू?

यादिरा : ट्यूबा. आता बास गिटार. खालचे स्वर सुटत नाहीत.

मास्तर : चौघांचं उत्तर?

यादिरा : लहान असेल. उत्तर असेल. वाद्यं मात्र द्यावी लागतील.

फिदेन्सियो : क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट इथंच संगीतघरात टांगलेत. उत्तरेला, अमेरिकेत कामाला गेलेल्या पोरांचे. ट्यूबा मात्र…

मास्तर : फिदेन्सियो.

फिदेन्सियो : गप्प बसतो.

यादिरा : त्या कोपऱ्यातला तो मोठा पितळी ना? बटणं तेल घातल्यासारखी चकाकतायत.

मास्तर : दर रविवारी घालतो. माझ्या लेकीचा आहे, ओतिलियाचा. सहा वर्षं झाली तिला जाऊन. त्याला कुणी हात लावत नाही.

फिदेन्सियो : म्हणून गावात ट्यूबा कुणी शिकत नाही, म्हणून आपला बँड अकरा जणांचाच राहिला. आता चिडा माझ्यावर.

(मास्तर स्वरलेखनाची वही उघडतात. बाहेर कुणीतरी देवळाची घंटा एकदा वाजवून थांबतं.)

मास्तर : हे झऱ्याच्या वाटेचं मार्चगीत. ट्यूबाची ओळ वाचून दाखव.

यादिरा : पुं… पुं… पुं-पुं… मास्तर, इथं पेन्सिलीनं एक खूण आहे. ‘इथं श्वास.’ सुरावट तोडून श्वास कोण घेतं?

मास्तर : ओतिलिया. चढ लागला की तिचा दम संपायचा. मी रागवायचो.

यादिरा : चढ आहे तिथं?

मास्तर : उभा चढ आहे.

यादिरा : मग तिचं बरोबर आहे. मीही तिथंच घेईन.

मास्तर : …तिनं उत्तरेतून फोनवर शंभरदा सांगितलं, बाबा, कुणालातरी द्या तो. मला वाटायचं, दिला की ती परत येणारच नाही.

यादिरा : आज संध्याकाळी परत ठेवून जाईन. जसा होता तसा.

मास्तर : परत ठेवायची घाई नको करूस. गावातल्या दोन पोरी वाजवताना बघतील तुला, तर बघू देत. फिदेन्सियो, रोमानला, फ्लोरला आणि त्या उबाल्दोला बोलाव. आणि चष्मा लाव, नाहीतर मारियाची घेऊन येशील.

फिदेन्सियो : जातो. मास्तर, म्हणजे संत निघणार?

मास्तर : चारला. ये पोरी, उचल. जड आहे, डाव्या खांद्यावर घे. काय झालं?

यादिरा : पट्टा आखूड पडतोय.

मास्तर : दोन भोकं सैल कर. ओतिलिया तुझ्यापेक्षा बुटकी आहे. आली की पुन्हा आवळून घेईल.