पूजेच्या आसनावरचे हाड

जबाब
तारीख २५ ऑगस्ट १९५०, शुक्रवार

माझे नाव निलम्मा, भ्रतार कै. वीरभद्रप्पा बिराजदार, वय पन्नाशीच्या पुढे, नक्की माहीत नाही, जात लिंगायत, धंदा शेवया-कुरडया करून विकणे व थोडी शेती बटईने, राहणार मुडबी, तालुका कल्याणी, जिल्हा बिदर. ठाण्यात समक्ष हजर होऊन सांगते की,

मी वरील ठिकाणी एकटी राहते. मुलगी रत्नम्मा कमठाण्याला दिली आहे. घरात एक मांजर आहे, नाव गंगव्वा. मांजराचे नाव कशाला, असे जबाब लिहिणारे जमादार बसवंतप्पा म्हणाले. लिहा म्हणते मी. सगळं तिच्यापासूनच सुरू झालंय.

आमच्या ओळीला तीन घरे आहेत, माळवदाला माळवद लागून. अलीकडचे किराणावाले रेवणप्पा यांचे, मधले माझे, पलीकडचे खैरूनबी दाईचे. खैरूनबी पोलीस ॲक्शनच्या साली गडबडीत पोरासंगं निघून गेली. गुलबर्ग्यात वारली असे लोक सांगतात. तिच्या दाराला सरकारी कुलूप व लाखेची मोहोर आहे. माझी रत्नम्मा पायाळू होती. खैरूनबीनं काढली म्हणून, न्हाईतर मायलेकी दोघी गेलो असतो. मांजर मूळचे तिचेच. ती त्याला बेगम म्हणायची. लिंगायताच्या घरात बेगम कशी चालंल, म्हणून मी गंगव्वा नाव ठेवले.

मांजर हुशार आहे, वाजवीपेक्षा जास्त. शिंक्यावरच्या दुधावर उडी मारत नाही. उतरंडीवर चढून शिंक्याला पंजाने झोका देते आणि सांडलेले खाली येऊन चाटते. दाराची कडी काढते. मागच्या श्रावणात मठाचे स्वामी रेवणप्पांकडे आले असता त्यांच्या एका खडावेवर अंगाचे मुटकुळे करून झोपली, आणि स्वामी एक पाय उचलून उभे राहिले. चोरी करून वर माझ्याच तोंडाकडं बघते, 'कुणी केलं गं बाई हे?' म्हटल्यासारखं. लाज म्हणून न्हाई.

पण मांस खात नाही. माझ्याकडे आल्यापासून दूधभाकरीवर आहे. सकाळी मी विभूती लावते तेव्हा तिच्याही कपाळाला लावते. उंदीर मारते, पण खात नाही, नुसता आणून दाखवते. जमादार हसले. हसायला काय झालं? लिंगायताचं मांजर आहे ते. गल्लीत कुत्री असल्यामुळे खाली कधी उतरत नाही. ही तीन माळवदे सोडून तिला दुसरे गाव माहीत नाही.

काल सकाळी इष्टलिंगाच्या पूजेला बसते तर आसनावर हाड. कोंबडीच्या तंगडीचे, शिजवलेले, हळद लागलेले. परत आंघोळ केली, घर सारवले, पाण्याचा थेंब घेतला नाही. येत्या सोमवारी स्वामींची पाद्यपूजा माझ्या घरी ठरली आहे. मालक गेल्यापासून हा मान आमच्या उंबऱ्याला शिवला नव्हता. यंदा मठाने दिला. हाडाची बातमी फुटली तर स्वामी दारात पाऊल ठेवणार नाहीत आणि मान रेवणप्पाकडे जाईल.

म्हणून पहिला संशय रेवणप्पावर. मान मला मिळाला तेव्हा "बरं झालं वहिनी" म्हणाला, पण तोंड कारलं खाल्ल्यासारखं. हल्ली सारखा माळवदावर चढतो. "कामून चढायलाव?" विचारलं तर म्हणतो, "गळायलंय." पावसानं ओढ दिलीय, गळायलंय काय? कानाने कमी ऐकतो असे सांगतो, पण चहा म्हटले की ऐकू येते. जमादारांनी विचारले, रेवणप्पा हाताने हाड धरील काय. तेवढं मात्र खरं. तो चिमट्यानंबी धरणार न्हाई.

मग राहिले ते बंद घर. अलीकडे गंगव्वा दुधाला तोंड लावत नाही आणि पोट तर तट्ट. तिकडच्या माळवदाला धूर जायला सवणे ठेवलेले आहे, त्यातून आत उतरते आणि येते ती अंगाला चुलीचा वास घेऊन. कुलूप लावलेल्या घरात चूल कोण पेटवायलंय? चोर असंल, फरारी असंल, आमच्यावर डोळा ठेवून बसलेला कुणी असंल. मला झोप लागत नाही. कुलूप फोडून झडती घ्यावी आणि हाड तिथले आहे असे कागदावर यावे, म्हणजे माझे घर सुटले.

उद्या ठाण्याचे वरचे अधिकारी अमीनसाहेब येऊन कुलूप फोडतील असे मला सांगण्यात आले. आत जो सापडेल त्याला बिदरच्या जेलात पाठवू, असे जमादार म्हणाले. पाठवा म्हणाले मी, दोन रट्टे देऊन पाठवा.

लिहिलेले ऐकले. माझ्या बोलण्याप्रमाणे आहे. अंगठा केला.

पुरवणी जबाब
तारीख २६ ऑगस्ट १९५०, शनिवार. कुलूप फोडण्याकरिता बोलावलेले पंच रेवणप्पा किराणावाले हजर.

मी निलम्मा, कालचीच, पुन्हा सांगते की, कालचा जबाब फाडून टाका. जबाब फाडता येत नाही, पुढे लिहिता येते, असे जमादारांनी सांगितले. मग पुढं लिहा.

काल ठाण्यातून घरी गेल्यावर मी शिडी लावून माळवदावर चढले. गंगव्वा पुढे, मी मागे. सवण्यातून वाकून पाहिले. आत काही नाही. चूल न्हाई, चटई न्हाई, म्हातारी न्हाई.

म्हातारीचे कोणी विचारले नाही, असे जमादार म्हणाले. तेच तर सांगायलेय मी, म्हातारी न्हाई. गुलबर्ग्यात मेलेलं माणूस मुडबीत कसं येईल? तुमीच सांगा.

वर किती वेळ होता, असे विचारले. दिवस मावळेपर्यंत. रिकाम्या घरात इतका वेळ काय पाहिले, असे विचारले. माझे गुडघे धरलेत, उतरायला वेळ लागतो. डोळे सुजले आहेत ते धुराने. कोणत्या धुराने, असे विचारले. माझ्याच चुलीच्या, दुसरा धूर कुठला आलाय?

माळवदावर जाताना मी भाकरीचे गाठोडे व वाकळ नेल्याचे रेवणप्पांच्या बायकोने पाहिले आहे, असे सांगण्यात आले. नेली असंल. भाकरी कावळ्याला. वाकळ वाळत घालायला. ती परत का आणली नाही, असे विचारले. वाऱ्यानं गेली. त्या बाईला दुसरा धंदा न्हाई काय, लोकांच्या वाकळा मोजायचा?

हाड कोठून आले, असे विचारले. बेगमनं आणलं गल्लीतून. बेगम कोण, असे विचारले. गंगव्वा. जीभ घसरली माझी, वय झालं.

जमादारांनी कालचा जबाब पुढे ठेवला. त्यात मांजर गल्लीत उतरत नाही असे आहे, खाली माझा अंगठा आहे. जमादार म्हणाले, "अक्का, घरं तीन. रेवणप्पांच्या घरातलं हाड न्हाई असं तुमचंच म्हणणं. बंद घरात कुणी न्हाई असंबी तुमचंच म्हणणं. मग हाड आलं कुठनं? ह्याचा पत्ता लागल्याशिवाय कुलूप फोडणं थांबवता येत न्हाई मला. अमीनसाहेब निघालेत."

मी पाणी मागितले. दिले. प्यायले नाही.

मग सांगते की, हाड माझ्या घरातले आहे. कोंबडी मी आणली, मी शिजवली, मी खाल्ली. पूजेच्या आसनावर बसून खाल्ली. दुसऱ्या कुणाचा त्यात काही संबंध नाही.

जमादारांनी टाक खाली ठेवला. "अक्का, गळ्यात लिंग हाय तुमच्या. मीबी त्याच घरचा. हे पंचापुढं वाचावं लागतंय, गावात जातंय. परवा स्वामी यायलेत. असलं कामून लिहायला लावायलाव?"

माझं लिंग माझं मला ठाऊक, म्हणाले मी. तुमी लिहा. लवकर लिहा.

कोंबडी कोणाकडून आणली, असे विचारले. आठवत नाही. कशी शिजवली, असे विचारले. हळद घालून. आणखी काय घातले, असे विचारले. ते मला सांगता आले नाही. जमादारांनी पुढे विचारले नाही.

पंच रेवणप्पा उठून उभे राहिले. "वहिनी, खोटं बोलायलाव तुमी. वीरभद्रप्पाच्या घरात असलं कधी शिजलं न्हाई. तुमी माझा संशय घेतला ते मला कळलंय, तरी मी सांगतो, हे खोटं हाय." मी त्यांना म्हणाले, अण्णा, तुमाला कमी ऐकू येतं, गप बसा. पाद्यपूजा तुमच्या घरी करा. माझी हरकत नाही. तयारी माझ्या घरी झालेली आहे, तांदूळ निवडलेले आहेत, घेऊन जा. मी पंगतीला येणार नाही, कोणी बोलावूही नये.

काल मी दोन रट्टे देऊन पाठवा म्हणाले, ते रागात म्हणाले. ते खोडा. खोडता येत नाही, असे सांगण्यात आले. मग ते चुकीचं होतं असं तरी लिहा. मला त्याचं लई वाईट वाटायलंय. रिकाम्या घराबद्दल कुणाला वाईट वाटतं काय, असे कोणी विचारील. विचारू द्या.

शेजारच्या बंद घराविषयी माझी काही तक्रार नाही. कुलूप आहे तसे राहू द्यावे. वरचे सवणे बुजवू नये, मांजराला सवय आहे.

वरील जबाब बाईस मराठीत वाचून दाखविला. ठाण्याच्या पायरीवर लोक जमलेले असल्याने हाडाचे कलम हळू वाचले, ते तिने थांबवून पुन्हा मोठ्याने वाचावयास लावले. ऐकून, बरोबर आहे, असे म्हणाली व अंगठा केला. पंच रेवणप्पा यांनी बराच वेळ सही केली नाही, नंतर केली. बाई घरी जाण्यास मोकळी आहे. कुलूप फोडण्याचे कारण उरले नाही, असे अमीनसाहेबांस कळविले.

बसवंतप्पा, जमादार