सड्यावरच्या घराचा कौल

माजं माहेर राजापूरकडचं, नाटे गावातलं. बापाची थोडी भातशेती, मागल्या दारातनं समुद्र दिसायचा, त्यामुळं मला लहानपणापासून डोळ्यांपुढं मोकळं लागतं. आणि लग्न करून आले ती हातखंब्याच्या आतल्या अंगाला, डोंगराच्या पोटात. घरात मोठे दीर, जाऊबाय, त्यांची पोरं, अंथरुणाला लागलेली सासूबाय, आणि आमचे हे मुंबईला गोदीत, गणपतीला नि शिमग्याला तेवढे येणार. चूल एकच. त्या चुलीवर माजा हात चालायचा, हुकूम नाय.

आमच्या वाटणीला वर सड्यावर थोडी आंब्याची कलमं. सडा म्हणजे डोंगराचा माथा, सगळा कातळ. वांदरांपासून ती राखायला मी रोज वर जायची. तिथं एका जुन्या रायवळ आंब्याखाली उभं राह्यलं की लांबवर समुद्राची रेघ दिसते. पहिल्यांदी दिसली तेव्हा मी रडलेच, खोटं कशाला सांगू. गणपतीला हे आले तेव्हा म्हटलं, मला इथं दोन खोल्या बांधून द्या, जन्मात दुसरं काय मागणार नाय. हे म्हणाले, बांधू की. आणि शिमग्याला चिरे आणून टाकले पण, खाणीतले लालभडक जांभ्याचे चिरे. गाडी अर्ध्या वाटेपर्यंत, पुढं आमी बायांनी डोकीवरनं नेले. मान मोडून आली, पण मी हसत व्हते.

आता आमच्याकडं देवीला इचारल्याशिवाय कोण पाया घालत नाय. गुरव देवीच्या अंगाला पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो, उजवी पाकळी पडली की करा, डावी पडली की थांबा. त्याला कौल लावणं म्हणतात. आणि तो लावायला घरातला थोरला पुरुष जायचा, म्हणजे भावजी, माजे मोठे दीर. ते गेले, आले, पायावर पाणी घेतलं आणि म्हणाले, देवीनं डावा दिलान, थांबायचं हाय.

थांबले. पाऊस झाला, चिऱ्यांवर शेवाळ धरलं. पुढल्या साली म्हटलं परत इचारा, भावजी गेले, परत डावा. का म्हणून, तर त्या जागेचा जो राखणदार असतो, जागेवाला, त्याची काय तरी अडचण हाय म्हणे. मी जागेवाल्याला कोंबडा दिला, नारळ दिला. त्याच्या पुढल्या साली परत डावा. तेव्हा जाऊबाय हळूच म्हणाली, तुज्याच हातून काय तरी चुकलं असेल गो. काय सांगू तुमाला, मी रात्रंदिस तोच इचार करायची. विटाळाची कधी कलमांत गेले काय, कुणाचा तळतळाट घेतला काय. सोमवार धरले, मंगळवार धरले. सासूबायच्या कमरेखाली जीव नव्हता, त्यांचं सगळं मीच करायची, तर त्यांचं अंग पुसता पुसता पण मनात तेच, देवी माज्यावर का रुसली. गवंडी वाटेत भेटला की म्हणायचा, वयनी, चिरा वाऱ्यावर पडला की घट्टच होतो, काळजी करू नको. म्हटलं, चिऱ्याचं ठीक हाय रे बाबा, माजं काय?

मग एका साली भावजींचा पाय मुरगळला. मी म्हटलं, मरो ती रीत, मीच जाते. नारळ घेऊन देवळात गेले. गुरव म्हातारा, सरळ माणूस. त्याला म्हटलं, बाबा, माज्या घराला देवी डावाच का देते, एकदा तोंडावर इचार तिला. तो म्हणाला, कुठलं घर? म्हटलं, सड्यावरचं. तो म्हणाला, त्या घराचा कौल इथं कोणी लावलाच नाय गो. तुजा दीर येतो, बैलाचं इचारतो, पोराच्या नोकरीचं इचारतो, घराचं तोंडातनं काढलं नाय कधी.

तिथल्या तिथं म्हटलं, लाव आता. गाऱ्हाणं पुरतं झालं नाय तर उजवी पाकळी खाली.

घरी येऊन भावजींच्या पुढं उभी राह्यले, पहिल्यांदी आवाज चढवला. देवीचं नाव घेऊन खोटं बोललात? ते खाली बघून म्हणाले, मला काय बोलतेस, तुज्या नवऱ्याला इचार.

शिमग्याला हे आले, इचारलं. म्हणाले, तू वर गेलीस तर आईचं कोण करणार व्हतं? वयनीकडनं ते व्हायचं नाय. मीच दादाला म्हटलं, आई हाय तवर काय तरी सांग. मी म्हटलं, मग देवीचं नाव कशाला? तर म्हणतात, दुसऱ्या कुणाचं तू ऐकली नसतीस.

दिराचं मला काय नाय हो. पण ह्यांनी दर गणपतीला माज्या शेजारी बसून त्या डाव्या कौलाचं दुःख केलं व्हतं. आपलं नशीब गो, म्हणायचे, पाठीवर हात ठेवायचे. तो हात मला आजपण जाळतो.

आणि मला इचारलं असतं, तर मी सांगितलंच असतं की सासूबायना घेऊन जाते. जाऊन त्यांनाच सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, वर नेशील मला? मग ने की, मी कुठं नाय म्हटलं! बघा, त्यांना पण कोणी इचारलं नव्हतं. त्या मे महिन्यात घर उभं राह्यलं. चिरे इतके घट्ट झालेले, तासता तासता गवंडी रडकुंडीला आला. खुर्चीला वासे बांधून चौघांनी सासूबायना वर नेलं, रायवळाखाली ठेवलं. त्या कितीतरी वेळ बघत राह्यल्या, मग म्हणाल्या, ह्यो समुद्र काय गो? पुढं त्यांनी माज्याच घरात डोळे मिटले, सुखानं.

आता हे नोकरी सोडून कायमचे आलेत. आले तेव्हा ट्रंक घेऊन सरळ वर, माज्या दारात. मी पाणी दिलं, गूळ दिला, आणि म्हटलं, ह्या घरात राह्यचं तर देवीला इचारायला हवं, तवर खाली भावजींकडं राहा. ते समजले. रोज सकाळी चढून येतात, कलमांना पाणी घालतात, पडवीत बसतात. मी चहा देते, जेवायला वाढते, माया काय मेली नाय माजी. ऊन उतरलं की काठी घेऊन खाली जातात. मधनंच इचारतात, लावलास का गो कौल? मी म्हणते, जायचं हाय, जाते.

देवी त्यांना उदंड आयुष्य देवो. थांबायला आयुष्य लागतं, मला ठाऊक हाय.