काचेला लावलेलं कुंकू

न्हाय न्हाय, बसा की साहेब, दत्तोबा इंदापूरला पाव्हण्यांकडं गेल्यात, दोनच्या एसटीनं येतील — तवर त्यांच्या कुलपाकडं बघत उभं राहून काय करणार? चहा ठेवलाय. पुण्यास्नं आला व्हय? लग्न झालंय? — ऱ्हाऊ द्या, इचारायची खोडच हाय मला, सगळ्या माळेगावाला रंगूबाईची खोड ठाऊक हाय. तुमी स्वरूपाच्या कंपनीतले, म्हंजी घरचेच. पोर दत्तोबांची खरी, पण तिची आई सारजा गेली तवा सहा वर्षांची होती, तवापासनं माझ्याच चुलीवरची भाकरी खाल्लीया तिनं. मला लेकरू न्हाय. ती तुमच्याकडं काय काम करती, सांगू? — हसू नका, सातवी शिकलीया मी. उसाला दारं धरत होते, म्हंजी पाटाचं पाणी सरीत सोडत होते, तर बांधावर बसून म्हणली, काकी, माझं काम अक्षी हेच, फकस्त पाण्याच्या जागी उजेड. केसावाणी काचेची तार, तिच्यातनं उजेड येतो, आन् नखाएवढ्या काचेच्या तुकड्यात त्याचे पाट फुटत्यात — एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ — आन् आठ घरांत इंटरनेट. मी म्हणलं, मग त्यात अवघड काय? म्हणली, वळण, काकी. झटक्यात वळवलं तर उजेड बाहेर सांडतो, दमानं वळवलं तर तुकडा लांबत जातो, आन् आठी वाटांना सारखाच पोचला पायजे. आठ महिने ती वळणंच काढत होती. जेवताना ताटातल्या आमटीत बोटानं रेघा ओढायची.

व्हय, तेच इचारताय ना — ते बारा तुकडे. बंगळूरला तपासायला न्यायचे होते, मधी दसरा म्हणून डबी घेऊन घरी आली. हातनं पडले, आसं लिवून दिलंय ना तिनं? मग झालं की. माणसाच्या हातनं पडत न्हाय व्हय कधी? — काय म्हणला? दुसऱ्या कंपनीला? इकले? स्वरूपानं? अहो, लोकाच्या बांधावरचं पडलेलं बोर उचलायचं तर मालकाला हाक मारून इचारायची ती पोर! कोण म्हणतंय आसं? — समदे? आन् तिला ठाऊक हाय हे? ठाऊक आसून गप बसलीया?

चहा उतू चाललाय. — जाऊ द्या त्याला.

त्या दिवशी खंडेनवमी होती. लॅपटॉपची वायर आणायला ती बारामतीला गेली, त्यांच्या घराची किल्ली माझ्याकडंच. सकाळपासनं मी विळा, खुरपं, शिलाई मशीन, दिराचा ट्रॅक्टर — समद्यांना हळद-कुंकू लावलं, झेंडू वाहिला. मग मनात आलं, पोरीच्या हत्याराला कुणी लावायचं? तिला आई न्हाय. तिनं बजावलं होतं — काकी, डबी उघडायची न्हाय, जवळ श्वाससुदीक सोडायचा न्हाय. पण ते येरवी. सणाला देवाच्या नावानं लावलं तर काय होतंय? — आसं वाटलं मला. बोट ओलं करून बाराच्या बारा तुकड्यांना हळद, वर कुंकू, आन् तेबी कडेला, जिथनं उजेड आत शिरतो तिथंच. तिनंच दाखवली होती ती कड, म्हणून मला वाटलं, कपाळ तिथं आसंल. मग दिसलं, जास्तच माखलंय, तर पदरानं पुसलं. खसाखसा पुसलं, साहेब. पदराला जरीचा काठ. चरे पडले. दोन तर चिमटीतच मोडले.

ती आली. ओरडली न्हाय. भिंगाखाली एकेक तुकडा धरला, पार बाराव्यापतुर. मग माझ्या बोटात कण रुतला होता तो काढला, साबणानं माझा हात धुतला, आन् म्हणली, काकी, हे कुणाला सांगायचं न्हाय, माझ्या आबांनासुदीक न्हाय. लोक हसतील तुमाला. आन् मी व्हय म्हणले. समद्या गावाचं समद्या गावाला सांगणारी बाई मी — हे तेवढं पोटात ठिवलं! दिवाळीला आली न्हाय. संक्रांतीला न्हाय. फोन केला की ‘कामात हाय काकी’ एवढंच, आन् आता महिना झाला, तेबी न्हाय.

लिवा की. पेन का थांबलं? — कोण मानंल म्हंता, हळदी-कुंकवाचं? मग लावा तिला फोन. आत्ता लावा, मोठ्या आवाजावर. तुमचा उचलंल ती... वाजतोय... उचलला! इचारा, रंगूबाईनं हात लावला का म्हणून इचारा —

काय म्हणली? ‘कुणी न्हाय सर, माझ्याच हातनं पडले’? अगं स्वरूपा! अगं मी हाय, काकी! सांगितलं मी त्यांना, समदं सांगितलं, आता तू कशाला —

ठिवला?

रेंज गेली आसंल. हितं जाती कधी कधी. — दाखवा बरं. न्हाय, चारी काड्या हायत की.

पुन्यांदा लावू नका. उठा तुमी. न्हाय, दत्तोबांसाठी थांबू नका, त्या माणसाला यातलं काय ठाऊक न्हाय. या म्हणते ना. दार लोटून घ्या.