ढवळ्याच्या शिंगात अडकलेला पट्टा

त्या फोटोवाल्या पोरीचं सांगतो. गोरेगावच्या बाजारातून परतताना बंडी नाल्याकाठी थांबवून मी माझ्या बैलाला, ढवळ्याला, पाणी पाजत होतो. गळ्यात कॅमेरा घालून ती फोटो काढायला त्याच्या तोंडापाशी वाकली. ढवळ्यानं माशी हाकलायला मान झटकली, अन् शिंग तिच्या कॅमेऱ्याच्या पट्ट्यात शिरलं. बैल मान वर करू लागला. पोरगी चवड्यांवर आली, गळा आवळला.

वेसण धरून मी हळूच म्हटलं, "हालू नोको पोरी. थो भिऊन राहिला."

त्याच्या गळ्याखाली खाजवत राहिलो, तरी त्यानं हिसका दिलाच. पट्ट्याची शिलाई उसवली, पोरगी अन् कॅमेरा दोन्ही चिखलात.

गळा चोळत ती म्हणाली, "बाबाजी, पट्टाच कच्चा निघाला. आता पक्का घेते."

म्हटलं, "काऊन, पक्का कशाले? आमी बैलालेबी एका ओढीत सुटनारी गाठ मारतो. तुही मान त त्याच्याहून बारीक हाये."